ओपनजीएलमधील पूर्वसुसंगत बदल : एका पॅरामीटरचे दोन अर्थ

ग्राफिक्स लायब्ररीत नवी सोय करणे तुलनेने सोपे असते. तिच्या आधारे पूर्वीच लिहिलेल्या प्रोग्राम्सना धक्का न लावता ती करणे मात्र कठीण असते. अशा बदलास पूर्वसुसंगत बदल म्हणतात. सिलिकॉन ग्राफिक्स कंपनीच्या पुढाकाराने १९९२ साली अवतरलेल्या ओपनजीएलमधील एक उदाहरण या दृष्टीने विचारात घेण्याजोगे आहे.

१९९७ च्या १.१ आवृत्तीपासून आकृतीचे शिरोबिंदू एका अ‍ॅरेमध्ये साठवून त्याचा मेमरीतील पत्ता ‘जीएलव्हर्टेक्सपॉइंटर’ या फंक्शनच्या चौथ्या पॅरामीटरद्वारे देता येऊ लागला. परंतु हा अ‍ॅरे प्रोग्रामच्या मेमरीत असल्याने त्यातील माहिती ग्राफिक्स कार्डाकडे वारंवार धाडावी लागे. २००३ च्या १.५ आवृत्तीत ‘बफर ऑब्जेक्ट’ आले आणि ती माहिती कार्डाच्या मेमरीत ठेवणे शक्य झाले. आता पत्त्याऐवजी बफरच्या प्रारंभापासूनचे बाइटमधील अंतर सांगणे आवश्यक होते.

त्यासाठी वेगळे फंक्शन निर्माण करता आले असते. पण रंग, लंबदिशा इत्यादींसाठीही तशी जोडफंक्शन्स करावी लागली असती. रचनाकारांनी जुनेच फंक्शन ठेवले. बफर जोडलेला असल्यास चौथा पॅरामीटर अंतर मानला जातो. जोडलेल्या बफरचा क्रमांक शून्य, म्हणजेच बफर जोडलेला नसल्यास, तो पूर्वीप्रमाणे पत्ता ठरतो. मूळ स्थिती शून्याचीच असल्याने बफरचे नावही न ऐकलेला प्रोग्राम पुन्हा कंपाइल न करताही चालतो. या रचनेचे मर्म येथे आहे.

याची किंमतही मोजावी लागली. अंतर ही साधी संख्या. पण पॅरामीटरचा प्रकार पॉइंटर असल्याने तिला पॉइंटरचे सोंग द्यावे लागते. बफर सोडवायचे राहून गेल्यास खरा पत्ताही अंतर म्हणून वाचला जातो, आणि कंपायलरला ही चूक दिसूच शकत नाही. पुढे २००८ च्या ३.० आवृत्तीने जुन्या सोयी त्याज्य ठरविल्या. २००९ च्या ३.२ मध्ये ‘कोअर’ व ‘कंपॅटिबिलिटी’ अशा दोन शाखा झाल्या. कोअर शाखेत प्रोग्रामच्या मेमरीतील पत्ता देण्याची मुभाच उरली नाही. तरीही ‘जीएलव्हर्टेक्सअ‍ॅट्रिबपॉइंटर’ या उत्तराधिकारी फंक्शनचा पॅरामीटर पॉइंटरच राहिला!

अंतर पूर्णांक म्हणून घेणारे ‘जीएलबाइंडव्हर्टेक्सबफर’ २०१२ च्या ४.३ आवृत्तीत आले. प्रस्तुत लेखकाच्या मते, २००३ मध्येच काही फंक्शन्स वाढविणे अधिक स्वस्त पडले असते. तथापि एकदा रूढ झालेले फंक्शन मागे घेणे सोपे नसते : २०१७ च्या ४.६ आवृत्तीतही ते जुने फंक्शन नव्याच्या शेजारी कायम आहे.