जुन्या गाडीतील दुर्गंधी : अत्तराने झाकू नका, मुळापासून काढा

दोंडाईचा म्हटले की मिरची आठवते. लाल मिरचीच्या हंगामात बाजाराच्या रस्त्याने नुसते चालले तरी ठसका लागतो. हीच मिरची पोत्यांतून वाहणारी गाडी काही वर्षांनी विकायला निघते. घेणारा बहुधा आपल्यासारखाच छोटा व्यापारी असतो. कोणी आठवडे बाजारात कापड विकणारा, कोणी बेकरीचा माल पोहोचविणारा. गाडी स्वस्तात मिळाल्याचा आनंद चार दिवस टिकतो. मग ध्यानात येते की गाडीतला वास मालाला लागला आहे. साडी, टोस्ट, चहापत्ती या वस्तू वास फार लवकर धरतात. गिऱ्हाईक साडीची घडी उलगडते, नाकाजवळ नेते आणि न बोलता खाली ठेवते. गाडीत वाचविलेला पैसा असा मालात जातो.

अशा वेळी बहुतेक जण सुगंधी बाटली आणून गाडीत टांगतात. हा उपाय नव्हे. सुगंध उडून जातो, दुर्गंधी जागच्या जागी राहते.

वास मुरतो कुठे?

वास हवेत दिसतो, पण त्याचे घर वस्तूत असते. सीटचा फोम, पायाखालचा गालिचा, छताचे अस्तर आणि ब्लोअरची नळी ही त्याची मुख्य ठिकाणे. सांडलेले दूध किंवा मासळीचे पाणी फोममध्ये उतरते व तेथे जिवाणू ते कुजवितात. कुबट वास आला तर समजावे की कोठे तरी ओल व बुरशी आहे. विडी-सिगारेटच्या धुराचा चिकट थर छतावर आणि काचेच्या आतल्या बाजूस बसतो. ब्लोअर लावताच सडका वास आला तर आत उंदराचे घरटे किंवा मेलेला उंदीर असू शकतो.

शोधण्याची रीत सोपी आहे. गाडी काचा लावून दुपारी तासभर उन्हात ठेवा. उष्णतेने वास उफाळतो. दार उघडताच सीटखाली, गालिच्याच्या कोपऱ्यात, डिकीत, जेथे वास दाट वाटेल तेथे हात घालून ओल तपासा.

कामाचा क्रम

प्रथम गाडी पूर्ण रिकामी करा. सीट आणि गालिचा बाहेर काढा. धूळ सुकी असतानाच व्हॅक्यूमने ओढा. मिरचीच्या गाडीत हे विशेष जपावे, कारण मिरचीचा तिखटपणा पाण्यात विरघळत नाही. आधीच पाणी मारले तर पूड फोममध्ये जाऊन बसते. तोंडाला फडके बांधून आधी पूड काढा, मग साबणाच्या पाण्याने पुसा.

दूध, उलटी किंवा रक्ताच्या डागावर उकळते पाणी टाकू नये, त्याने डाग घट्ट बसतो. थंड पाणी आणि साबण वापरावा. एन्झाइम असलेले क्लीनर मिळाले तर ते अधिक चांगले, कारण ते घाणच तोडते. काच व प्लॅस्टिकवरील धुराचा थर साबणाच्या पाण्याने निघतो. मात्र छताचे अस्तर चिकटविलेले असते. ते जास्त भिजले तर सुटून लोंबकळते. तेथे पिळलेले फडके हलकेच फिरवावे.

यानंतर वाळविणे. अर्धी मेहनत येथेच वाया जाते. फोम वरून कोरडा लागतो, आत ओला असतो. तसाच बसविला तर आठवड्यात कुबट वास परततो. खानदेशात उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर जातो, त्याचा फायदा घ्या. हे काम पावसाळ्यात काढू नका.

सगळे सुकल्यावर सीटवर आणि गालिच्यावर खाण्याचा सोडा भुरभुरावा, रात्रभर ठेवावा, सकाळी व्हॅक्यूमने काढावा. उरलासुरला वास ओढण्यासाठी सक्रिय कोळशाची पिशवी काही दिवस गाडीत ठेवावी. एसी असेल तर केबिनचा फिल्टर बदला, कॉइल साफ करून घ्या आणि पाणी जाण्याची नळी तुंबली आहे का ते पाहा. एवढे करूनही वास राहिला तर फोम आरपार कुजला आहे. तो बदलणेच स्वस्त पडते.

हे वास झाकू नका

काही वास म्हणजे इशारा असतो. मारुती ओम्नीचे उत्पादन २०१९ मध्ये थांबले, म्हणजे आज बाजारात येणारी प्रत्येक ओम्नी वापरलेलीच. तिचे इंजिन पुढच्या सीटखाली असते. तेथे पेट्रोलचा वास आला तर साफसफाई नंतर, आधी मेकॅनिक. एलपीजी व सीएनजीत वास मुद्दाम मिसळलेला असतो, गळती कळावी म्हणून. तो आला तर गाडी बंद करा, दारे उघडा, विडी-काडी दूर ठेवा. धुराड्याचा धूर आत येत असेल तर त्यासोबत कार्बन मोनॉक्साइडही येतो. त्याला स्वतःचा रंग वा वास नसतो, पण तो जीव घेतो.

साफ करतानाही जपा. ब्लीचिंग पावडर आणि अॅसिड कधीही एकत्र करू नका, विषारी वायू निघतो. बंद गाडीत डांबराच्या गोळ्या ठेवू नका. ओझोनचे यंत्र चालू असताना आत कोणी बसू नये. नंतर दारे उघडून गाडी चांगली हवेशीर करावी.

पुरात बुडालेली गाडी ओळखा

आपल्याकडे जुनी गाडी सुरत, मुंबईहूनही येते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. ऑगस्ट २००६ मध्ये आपल्याच तापीच्या पुरात सुरत बुडाली. अशा पुरात भिजलेल्या गाड्या धुऊन-पुसून पुन्हा बाजारात येऊ शकतात. म्हणून फार गोड सुगंध येणाऱ्या गाडीकडे संशयाने पाहा. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून चिखलाचा डाग पाहा. गालिचा उचला, स्टेपनीची जागा तपासा, सीटच्या पट्ट्यांवर गंज आहे का बघा. गाळ दिसला तर गाडी सोडा. अशा गाडीची वायरिंग पुढे कधी दगा देईल सांगता येत नाही.

कारीगरांसाठी आणि विकणाऱ्यांसाठी

कुशनचे काम करणाऱ्या आपल्या कारीगरांनी हे काम अंगावर घ्यावे. सीट उघडणे, फोम ओळखणे हे त्यांना येतेच. आधी गाडी बघा, वासाचे मूळ दाखवा, मग भाव सांगा. फोम बदलावा लागेल तर तसे सांगा, नुसता फवारा मारून पैसे घेऊ नका.

आणि गाडी विकणाऱ्याने ऐब सांगून विकावा. दोन-चार हजार कमी मिळतील, पण गिऱ्हाईक पुढची गाडीही तुमच्याकडेच घेईल. लहान गावात धंदा नावावर चालतो, आणि नावाला लागलेला वास कोणत्याही सोड्याने जात नाही.