मुंबईला माल नेण्यासाठी गाडी भाड्याने घेताना लायसन आणि कागद पाहा



२०१६ साली राज्य सरकारने फळे आणि भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मोकळा केला. त्यामुळे वाशीच्या बाजाराखेरीज थेट अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपरच्या सोसायट्यांपर्यंत माल नेऊन विकायची वाट आपल्याला खुली झाली. माल तयार असतो, गिऱ्हाईकही असतं. घोडं अडतं ते गाडीपाशी. मग कुणाची तरी गाडी भाड्याने ठरते आणि गावातलाच एखादा पोरगा म्हणतो, "चालवायला मी आहे की!"

मंडळी, इथे जरा थांबा. भाडं किती, हे विचारण्याआधी दोन गोष्टी विचारा. चालवणाऱ्याकडे कोणतं लायसन आहे? आणि ही गाडी भाड्याने देण्यासाठी नोंदलेली आहे का? भाडं एका खेपेचं असतं, पण अपघाताची भरपाई अंगावर आली तर जमीन विकायची पाळी येते.

१. लायसन कोणते हवे?

मोटारसायकलचे लायसन टेम्पोला चालत नाही. पुष्कळांना वाटतं, लायसन म्हणजे लायसन. तसं नाही. लायसनवर गाडीचा वर्ग लिहिलेला असतो. टेम्पो, पिकअप किंवा व्हॅन चालवायला त्यावर 'एलएमव्ही', म्हणजे हलके मोटार वाहन, असं असलं पाहिजे.

हलके म्हणजे किती? गाडी आणि तिच्यात भरायचा माल मिळून ७,५०० किलोपर्यंत. 'छोटा हत्ती' आणि पिकअप या मापात सहज बसतात. मोठ्या टेम्पोचं वजन मात्र आर.सी. बुकात पाहून घ्या.

पिवळ्या पाटीच्या गाडीला वेगळं लायसन लागतं का, यावर बरीच वर्षं वाद होता. सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठाने ६ नोव्हेंबर २०२४ रोजी तो मिटवला. ज्याच्याकडे एलएमव्ही लायसन आहे, तो ७,५०० किलोपर्यंतची मालवाहू गाडीही चालवू शकतो; त्यासाठी वेगळी नोंद लागत नाही. त्याहून जड गाडीला मात्र त्या वर्गाचंच लायसन हवं.

वयाचंही बघा. साधी मोटार चालवायला १८ वर्षे पुरतात, पण वाहतुकीच्या गाडीसाठी कायद्यात २० वर्षांची अट आहे. गाडी भाड्याने देणारी कंपनी याहून जास्त वय किंवा लायसनला काही वर्षं झालेली असण्याची अट घालू शकते. ती आधीच विचारून घ्या.

शिकाऊ लायसनवाल्याच्या हाती भाड्याची गाडी देऊ नका. लायसनची तारीखही वाचा. मुदत संपल्यावर पूर्वी ३० दिवसांची सवलत असे. ती २०१९ च्या दुरुस्तीने गेली. लायसन नसताना गाडी चालवली तर ५,००० रुपये दंड आहे, आणि अशाच्या हाती गाडी देणाऱ्या मालकालाही तेवढाच.

२. गाडीची पाटी वाचा

पांढऱ्या पाटीवर काळे आकडे म्हणजे खाजगी गाडी. ती भाड्याने देता येत नाही. पिवळ्या पाटीवर काळे आकडे म्हणजे भाड्याच्या धंद्याची गाडी. काळ्या पाटीवर पिवळे आकडे असतील, तर ती चालकाशिवाय भाड्याने द्यायची गाडी. विजेवरच्या गाडीची पाटी हिरवी असते. धंद्याच्या गाडीवर आकडे पिवळे, खाजगीवर पांढरे.

काळ्या पाटीच्या गाड्या मुख्यतः माणसं नेण्यासाठी असतात. मागचे बाक काढून त्यात मेथीच्या जुड्या आणि टोमॅटोचे क्रेट भरू नका. मालासाठी मालवाहू गाडीच घ्या.

पाव्हण्याची पांढऱ्या पाटीची गाडी "डिझेलपुरते पैसे द्या" म्हणून मिळाली, तरी मोहात पडू नका. पैसे घेऊन नेलेली खेप ही भाड्याचीच ठरते, आणि मग विमा कंपनीला हात वर करायला कारण मिळतं.

३. गाडीचे कागद

आर.सी., विमा, फिटनेस आणि पीयूसी हे चार कागद पाहा. मालवाहू गाडी आठ वर्षांपर्यंतची असेल तर फिटनेस दोन वर्षांचा मिळतो, त्यापुढे दरवर्षी घ्यावा लागतो. एकूण वजन ३,००० किलोच्या वर असेल तर मालवाहतुकीचं परमिटही लागतं. मोबाइलवर डिजिलॉकर किंवा एम-परिवहनमध्ये दाखवलेले कागद चालतात.

मुंबईच्या वेशीवरचे जकात नाके २०१७ साली बंद झाले. कागद तपासणं मात्र बंद झालेलं नाही, हे विसरू नका.

४. माल किती भरायचा?

हिशेब सोपा आहे. आर.सी.वर एकूण वजन २,८०० किलो आणि रिकामं वजन १,६०० किलो असेल, तर उरले १,२००. चालक आणि तुम्ही मिळून १३० किलो धरा. राहिले १,०७०. भरलेला क्रेट २२ किलोचा असेल तर ४८ क्रेट बसतात. "चार क्रेटनं काय होतंय," असं म्हणू नका. जादा वजनाला कायद्यात २०,००० रुपये दंड आहे, वर दर जादा टनाला २,००० रुपये.

५. गाडीत कोण बसेल?

मालाचा धनी किंवा त्याने नेमलेला माणूस मालाबरोबर केबिनमध्ये बसू शकतो. १९९४ च्या दुरुस्तीपासून सक्तीच्या विम्यात त्याचाही समावेश आहे. पण मुंबईला निघालेला शेजारी किंवा पाव्हणे गाडीत फुकट बसवले, तर त्यांना हे संरक्षण नाही. क्रेटवर तर कुणालाच बसवू नका.

६. शंका आली तर

पश्चिम उपनगरांसाठी अंधेरी (एमएच ०२) आणि बोरिवली (एमएच ४७) ही आरटीओ कार्यालये आहेत. घाटकोपर-मुलुंड भाग वडाळ्याच्या कार्यालयाकडे (एमएच ०३) येतो. लायसन मात्र तुमच्या जिल्ह्याचंच पुरे. ते देशभर चालतं. तेव्हा मुंबईला निघण्याआधी जिल्ह्याच्या आरटीओतच विचारून घ्या.

बयाणा देण्यापूर्वी हे पाहा

• लायसनवर एलएमव्ही आहे, मुदत शिल्लक आहे.
• चालक २० वर्षांचा पुरा आहे.
• पाटी पिवळी आहे. विजेवरची गाडी असेल, तर हिरवीवर पिवळे आकडे.
• विमा, फिटनेस, पीयूसी आणि लागत असेल तर परमिट चालू आहे.
• भाडं, तारीख, गाडीचा नंबर आणि चालकाचं नाव कागदावर लिहून दोघांच्या सह्या झाल्या आहेत.

एवढं पाहायला पंधरा मिनिटं लागतात. कागद पुरे नसतील, तर त्या दिवशी माल जवळच्या बाजारात द्या आणि पुढच्या खेपेला दुसरी गाडी ठरवा.