विहिरीवरचे इंजिन आणि वेगाचा विक्रम



सौंदत्ती तालुक्यातील गुर्लहोसूर हे गाव आपल्या धारवाडहून फारसे दूर नाही. १८६९ साली तेथे लक्ष्मणराव किर्लोस्करांचा जन्म झाला. बेळगावातील सायकलींच्या दुकानापासून निघालेला त्यांचा उद्योग लोखंडी नांगर, किर्लोस्करवाडी अशी वाट चालत गेला आणि १९४६ साली पुण्याजवळ खडकी येथे किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी निघाली. विहिरीवर टुकटुकणारे त्यांचे इंजिन आपणांपैकी बहुतेकांनी पाहिले असेल. शर्यतीशी त्याचा काडीइतकाही संबंध नाही. तरीही टर्बो डिझेल इंजिनाला जमिनीवरील वेगाच्या विक्रमासाठी कसे घडवितात, हे समजावून घेण्यास त्याहून चांगले उदाहरण मला सुचत नाही.

त्यांचे ‘टी. व्ही. १’ हे इंजिन घ्या. सिलिंडर एक, आकारमान ६६१ घनसेंटिमीटर, मिनिटाला १५०० फेरे आणि शक्ती सुमारे ७ अश्वशक्ती. हुबळीच्या भूमरड्डी अभियांत्रिकी महाविद्यालयातील संशोधकांनी करंजाच्या तेलापासून बनविलेल्या इंधनाच्या चाचण्या घेतल्या, त्या एवढ्याच शक्तीच्या एका सिलिंडरच्या इंजिनावर.

इंजिनाची शक्ती तीन गोष्टींवर ठरते : सिलिंडरचे आकारमान, पिस्टनवर सरासरी पडणारा दाब आणि फेऱ्यांचा वेग. विक्रमांचे वर्ग इंजिनाच्या आकारमानावरून पाडलेले असतात, म्हणून पहिली गोष्ट आपल्या हाती राहत नाही. उरतात दोन. आपल्या इंजिनात तो सरासरी दाब सुमारे ६.३ बार आहे. तो १८ बारवर आणि फेरे ४००० वर नेले, तर ७ अश्वशक्तीच्या ५३ होतात. कागदावर हे गणित पाच ओळींत सुटते. लोखंडात सोडविताना वर्षे जातात.

दाब वाढविण्यासाठी हवा अधिक कोंबावी लागते. डिझेल इंजिनात नुसती हवा दाबून तापवितात व तिच्यात इंधन फवारतात. ते ठिणगीवाचून पेटते. हवा पुरेशी नसता इंधन वाढविले, तर काळा धूर निघतो, हे शेतकऱ्याला कोणी शिकवावे लागत नाही. आल्फ्रेड ब्यूखी या स्विस अभियंत्याने १९०५ साली यावरील तोडग्याचे पेटंट घेतले. बाहेर जाणारा तप्त वायू एक चक्र फिरवितो आणि त्याच दांड्यावरचे दुसरे चक्र हवा दाबून आत लोटते. हाच टर्बोचार्जर. मात्र दाबलेली हवा तापते. तिप्पट दाबाला ती सुमारे १८० अंश सेल्सिअसपर्यंत चढते व विरळ होते. तीच ६० अंशांवर आणली, तर तेवढ्याच जागेत एक-तृतीयांशाहून अधिक हवा जास्त मावते. म्हणून मध्ये शीतक हवाच. एका सिलिंडरच्या इंजिनात आणखी एक अडचण येते. वायू धक्क्याधक्क्याने बाहेर पडतो, आणि टर्बो हवा देतो तेव्हा झडप बंद असते. त्यासाठी दोहोंच्या मध्ये हवेची कोठी बसवावी लागते.

आता धोक्याकडे वळू. या इंजिनात हवा १७.५ पट आकुंचित होते. तिप्पट दाबाची हवा तशीच दाबली, तर इंधन पेटण्यापूर्वीच सिलिंडरात १४० बारच्या आसपास दाब होतो. म्हणून हे प्रमाण १४ च्या जवळ उतरवितात. मग थंडीत इंजिन सुरू होत नाही, तेव्हा शीतक पाणी आधी तापवून घेतात. याहून भीती फ्लायव्हीलची. फेरे तिप्पट झाले की त्याला फाडू पाहणारे बल नऊपट होते. १५०० फेऱ्यांसाठी ओतलेले बिडाचे जड चाक ४००० फेऱ्यांवर नेणे हा शुद्ध आत्मघात होय. ते पोलादी करावे लागते. माझ्या मते कामाचा आरंभ टर्बोपासून करूच नये. आधी चाक, कनेक्टिंग रॉड, तेलाचा पंप आणि पिस्टनखाली तेलाचा फवारा यांची सोय लागावी.

एवढे करून हाती काय येते? हवेचा विरोध भेदण्यास लागणारी शक्ती वेगाच्या घनाप्रमाणे वाढते. शक्ती साडेसातपट झाली, तरी वेग दुपटीच्याही आतच राहतो. म्हणून वाहनाचा सडपातळ आकार हीही इंजिनाइतकीच मोलाची कमाई ठरते.

या मार्गाची परमावधी २००६ साली दिसली. खोदकामाच्या यंत्रांसाठी बनविलेले जेसीबी कंपनीचे चार सिलिंडरचे इंजिन (आपल्याकडे त्या यंत्रालाच आता ‘जेसीबी’ म्हणतात!) पाच लिटरचे करून, दोन टप्प्यांच्या टर्बोने ७५० अश्वशक्तीपर्यंत नेले. अशी दोन इंजिने ‘डिझेलमॅक्स’ या वाहनात होती. एक पुढील चाकांसाठी, एक मागील. लिटरमागे १५० अश्वशक्ती. आपल्या हुबळीच्या डिझेल शेडमधील ‘डब्ल्यू. डी. जी. ४’ या रेल्वे इंजिनाची शक्ती ४००० अश्वशक्ती असली, तरी लिटरमागे ती २२ च्याही आतच भरते. अर्थात त्याला वर्षानुवर्षे मालगाड्या ओढावयाच्या असतात, डिझेलमॅक्सला काही मिनिटे धावायचे होते. या तफावतीतच शर्यतीच्या इंजिनाचे सारे रहस्य आहे. रेडिएटरने हवेचा विरोध वाढतो. थोड्या मिनिटांसाठी बर्फाची टाकी पुरते.

अमेरिकेतील बॉनव्हिल येथील मिठाच्या मैदानावर २३ ऑगस्ट २००६ रोजी अँडी ग्रीन यांनी हे वाहन ताशी ५६३.४१८ किलोमीटर वेगाने हाकले. ते मैदान समुद्रसपाटीपासून सुमारे १,२८० मीटर उंच आहे, म्हणजे आपल्या धारवाडहूनही हवा विरळ. विरळ हवेमुळे वाहनाला होणारा विरोध घटतो, आणि इंजिनाला पडणारी तूट टर्बो भरून काढतो. आंतरराष्ट्रीय नियमानुसार एका धावेने विक्रम होत नाही. तासाभराच्या आत उलट दिशेने पुन्हा धावावे लागते आणि दोन्हींची सरासरी धरतात. तेवढ्या वेळात इंजिन तपासायचे, बर्फ व इंधन भरायचे आणि वाहन वळवायचे. पहिल्या गिअरलाच ते इतके वेगवान होते की जागेवरून स्वतः निघू शकत नसे. म्हणून दर खेपेस दुसरे वाहन त्याला मागून ढकलीत नेऊन सोडीत असे.