टाकळीभानचा कप्तान आणि हैदराबादचा सामना

कबड्डी समजावून सांगायला वक्ता कशाला हवा, असे तुम्ही म्हणाल, आणि ते खरेच आहे. आपल्या नगर जिल्ह्यात शाळेच्या मैदानावर फक्कीची रेघ ओढली की पोरे आपोआप दोन बाजूंना उभी राहतात. जुनी माणसे याच खेळाला हुतूतू म्हणत. तरीही आज या खेळाबद्दल दोन गोष्टी सांगायच्या आहेत. गावच्या मैदानावरची कबड्डी आणि दूरचित्रवाणीवर दिसणारी लीगची कबड्डी यांत आता बरेच अंतर पडले आहे. ते अंतर ओलांडून आपल्याच जिल्ह्यातला एक गडी पलीकडे गेला, आणि १ मार्च २०२४ रोजी हैदराबादच्या गचिबावली क्रीडागृहात त्याच्या संघाने प्रो कबड्डी लीगचा करंडक उचलला. त्या सामन्याच्या निमित्ताने हा सारा व्यवहार कसा चालतो ते पाहू.

गड्याचे नाव अस्लम इनामदार. गाव टाकळीभान, तालुका श्रीरामपूर. वडील लहानपणीच गेले, आईने मोलमजुरी करून घर चालवले, आणि पोराने शिकता शिकता मिळेल ते काम केले. अशी घरे प्रत्येक गावात आहेत, त्यामुळे हे अधिक रंगवून सांगत नाही. सांगायचे ते एवढेच की पुण्याच्या ‘पुणेरी पलटण’ या संघाने होतकरू मुलांसाठी चालवलेल्या तालमीतून तो वर आला, २०२१ च्या डिसेंबरात सुरू झालेल्या आठव्या हंगामात लीगमध्ये उतरला, आणि दहाव्या हंगामात त्याच संघाचा कप्तान झाला.

आता लीग म्हणजे काय ते पाहू. पूर्वी कबड्डीपटूला खेळाच्या जोरावर काय मिळे? नोकरी. रेल्वे, पोलीस, बँका, मोठ्या कंपन्या आपापले संघ बाळगत. गडी कामगार म्हणून पगार घेई आणि कंपनीकडून खेळे. आपल्या महाराष्ट्रात ‘व्यावसायिक गट’ म्हणून स्पर्धा होतात त्या अशाच संघांच्या. २०१४ साली प्रो कबड्डी लीग निघाली तेव्हा आठ संघ होते. २०१७ पासून ते बारा झाले. इथे संघाला मालक असतो आणि गडी लिलावात बोली लावून घेतला जातो. लिलाव हा शब्द कानाला खटकतो खरा. बाजार समितीत कांद्याचा होतो तो लिलाव! पण खेळाडू मंडळींना त्याचा राग नाही, कारण बोलीचा पैसा त्यांच्या हाती पडतो. कोल्हापूरकडच्या चंदगड तालुक्यातल्या सिद्धार्थ देसाईला २०१९ साली तेलुगु टायटन्सने १ कोटी ४५ लाखांना घेतले. दहाव्या हंगामात पुणेरी पलटणने इराणच्या मोहम्मदरेझा शादलुईसाठी २ कोटी ३५ लाख मोजले. त्याच लिलावात सर्वांत खालच्या वर्गाची मूळ बोली होती ९ लाख.

असे संघ बांधण्याची रीत सगळीकडे एकच नाही. आफ्रिका खंडात २०२१ साली बास्केटबॉलची अशीच लीग सुरू झाली. तिथे बहुतेक क्लब जुने आहेत; आपापल्या देशात अजिंक्य ठरून ते लीगच्या दाराशी येतात. पहिला अंतिम सामना रवांडा देशातील किगाली शहरी झाला आणि इजिप्तच्या झमालेकने ट्युनिशियाच्या मोनास्तीर संघाला ७६-६३ असे हरवले. हा झमालेक क्लब १९११ सालचा आहे. आपल्याकडे उलटे झाले. गावोगावची जुनी क्रीडा मंडळे जिथल्या तिथे राहिली आणि वरच्या वर नवे संघ उभे राहिले. माझ्या मते यात एक उणीव आहे. ज्या मंडळाने पोराला पहिली पकड शिकवली, त्याचे नाव करंडकाजवळ कुठेच दिसत नाही.

बरे, आता सामन्याकडे वळू. पण आधी मैदान डोळ्यांपुढे आणा. शिक्षक मंडळींनी फळ्यावर काढून दाखवावे असे ते आहे. पुरुषांचे मैदान १३ मीटर लांब, १० मीटर रुंद. मधोमध मध्यरेषा. तिच्यापासून पावणेचार मीटरवर निदानरेषा; चढाईला आलेल्या गड्याने निदान ही रेषा तरी ओलांडली पाहिजे, नाही तर तो बाद. तिच्या पलीकडे एक मीटरवर बोनस रेषा. समोर सहा किंवा सात गडी असतील तर बोनस रेषेपलीकडे एक पाय टेकवून, मागचा पाय हवेत ठेवला की एक गुण मिळतो. दोन्ही कडेला एकेक मीटरची पट्टी आहे, ती राखीव जागा. झटापट झाली, अंगाला अंग लागले, की मगच तिच्यात पाय टाकायचा. त्याआधी टाकला तर बाद.

ही राखीव पट्टी साधी समजू नका. ७ ऑक्टोबर २०२३ रोजी चीनमधील हांगझौ येथे आशियाई खेळांचा अंतिम सामना भारत आणि इराण यांच्यात झाला, तेव्हा शेवटच्या मिनिटांत याच पट्टीवरून असा वाद पेटला की खेळ बराच वेळ थांबला. भारताचा चढाईपटू कोणाला न शिवता पट्टीत गेला होता, आणि त्याच्यामागे इराणचे बचावपटूही गेले. गुण कोणाचा, यावर पंचांचा निर्णय पुन्हा पुन्हा फिरला. शेवटी भारत ३३-२९ असा जिंकला. त्या दिवशी भारताच्या संघात आपला अस्लम होता आणि इराणच्या संघात शादलुई. दोन महिन्यांनी लीगचा हंगाम सुरू झाला तेव्हा तोच शादलुई अस्लमच्या हाताखाली पुण्याकडून खेळत होता! लिलावाची ही एक गंमत आहे खरी.

चढाईला वेळ ३० सेकंद. ‘कबड्डी, कबड्डी’ हा दम अजूनही घुमवावा लागतो, पण चढाई किती चालावी हे आता छाती नव्हे, घड्याळ ठरवते. लीगचा आणखी एक नियम ध्यानात ठेवा. सलग दोन चढाया रिकाम्या गेल्या तर तिसरीत गुण आणावाच लागतो, नाही तर चढाई करणारा बाद. म्हणून वेळ काढू खेळाला जागा उरत नाही. समोरचे सातही गडी बाद केले की लोण, त्याचे दोन गुण वरकड. आणि मैदानात तीन किंवा कमी बचावपटू उरले असताना त्यांनी चढाईपटूला धरले तर एकाऐवजी दोन गुण; ही अव्वल पकड. दुबळ्या बाजूला दिलेला हा आधार मला फार आवडतो. हरत आलेल्या संघाला त्यामुळे धीर राहतो.

दहाव्या हंगामात प्रत्येक संघ साखळीत २२ सामने खेळला. पुण्याने १७ जिंकले, २ हरले, ३ बरोबरीत सोडवले. विजयाला ५ गुण, बरोबरीला ३, आणि सात किंवा कमी गुणांच्या फरकाने हरल्यास १. मुलांना बेरीज करायला सांगा: १७ पाचे ८५, तीन त्रिक ९, आणि वर २. झाले ९६. म्हणजे जे दोन सामने गेले, तेही थोडक्यातच गेले. पुणे गुणतक्त्यात पहिले आले. उपान्त्य सामन्यात त्यांनी पाटणा पायरेट्सला ३७-२१ असे सहज मागे टाकले. हरियाणा स्टीलर्स पाचव्या क्रमांकावरून, बाद फेरीतल्या एकेक सामन्याची पायरी चढत अंतिम फेरीत आले, आणि वाटेत त्यांनी आधीच्या वर्षीच्या विजेत्या जयपूरला उपान्त्य सामन्यात हरवले.

पुण्याच्या मनात मागच्या खेपेची सल होती. १७ डिसेंबर २०२२ रोजी मुंबईत, म्हणजे जवळजवळ घरच्याच अंगणात, पुणेरी पलटण पहिल्यांदा अंतिम फेरीत आली होती आणि जयपूरकडून २९-३३ अशी हरली होती. चार गुण म्हणजे किती? एक लोण आणि दोन पकडी. एवढ्याने करंडक गेला होता.

हैदराबादला सुरुवातीपासून दोन्ही बाजू जपून खेळल्या. अंतिम सामन्यात असेच होते. साखळीत धाडस करणारा चढाईपटू इथे बोनस रेषेजवळ जाताना दोनदा विचार करतो. बचाव दोन्हीकडचा तगडा होता. पुण्याकडे डाव्या कोपऱ्यात शादलुई, ज्याने त्या हंगामात पकडींचे ९९ गुण मिळवले आणि सर्वोत्तम बचावपटू ठरला. हरियाणाकडे कप्तान जयदीप दहिया. गुण एकेकाने सरकत होते. मग पहिल्या डावाच्या शेवटाकडे पंकज मोहितेने एकाच चढाईत अनेक गडी टिपले. तीन किंवा अधिक गुणांच्या अशा चढाईला सुपर रेड म्हणतात. तेवढ्या एका चढाईने पारडे झुकले. मध्यंतराला पुणे १३, हरियाणा १०.

मध्यंतरानंतर थोड्याच वेळात पुण्याने लोण चढवला. इथून सामना एकतर्फी होईल असे वाटले असेल, पण हरियाणाने सोडले नाही. महाराष्ट्राच्याच शिवम पटारेने त्यांच्याकडून सहा गुण आणले. अंतर कमी होत होत शेवटच्या मिनिटांत तीन-चार गुणांवर आले. अशा वेळी आघाडीवरच्या संघाने काय करावे? गुण मिळवण्यापेक्षा गुण न देणे महत्त्वाचे. चढाईला जावे, निदानरेषा ओलांडावी, घड्याळ खाऊन परत यावे. बचावात घाईने कोणाच्या अंगावर उडी घेऊ नये. ऐकायला सोपे, पण टाळ्यांच्या कल्लोळात विशी-पंचविशीतल्या सात पोरांना हे धरून ठेवायला लावणे हेच कप्तानाचे आणि प्रशिक्षकाचे काम. प्रशिक्षक होते बी. सी. रमेश. सामना संपला तेव्हा फलकावर पुणे २८, हरियाणा २५.

त्या सामन्यात सर्वांत जास्त गुण पंकज मोहितेचे, ९. मोहित गोयतचे ५. कप्तान अस्लम गुणांच्या यादीत पहिला नव्हता. तरी साऱ्या हंगामाचा सर्वोत्तम खेळाडू म्हणून निवड झाली ती त्याचीच. कारण तो चढाई करतो, आणि परत आल्यावर पकडीतही उभा राहतो. शाळेच्या संघात दोन-चार मुले फक्त चढाई करणारी आणि बाकीची फक्त हात धरून उभी, अशी विभागणी आपण सर्रास करतो. ती मोडता येते, याचा हा दाखला आहे. विजेत्या संघाला ३ कोटी रुपये मिळाले. लीगमधला पुण्याचा हा पहिला करंडक. त्याच्या आधी महाराष्ट्रात करंडक आला होता तो २०१५ साली, मुंबईच्या यू मुंबाकडे.

त्यानंतर तीन आठवड्यांनी, २१ ते २४ मार्च २०२४ या दिवसांत, पुरुषांची सत्तरावी राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा आपल्याच शहरात, वाडिया पार्क मैदानावर भरली. देशभरचे नामांकित गडी नगरात आले. जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले ते त्याच वर्षी. ज्यांनी लीग फक्त पडद्यावर पाहिली होती, त्यांना ती माणसे हातभर अंतरावर दिसली.

पण गावच्या पोराने, आणि त्याच्या गुरुजींनी, या साऱ्यातून काय हिशेब काढावा? आकडा समोर ठेवतो. बारा संघ, प्रत्येकात वीस-पंचवीस गडी. म्हणजे साऱ्या देशातून तीनशेच्या आत माणसे. आपल्या एका जिल्ह्यात गावेच दीड हजारांच्या घरात आहेत. शिवाय गुडघा. मातीत पाय थोडा सरकतो. मॅटवर बूट रुतून बसतो, आणि वरून चार जणांचा भार आला की गुडघ्याची शीर तुटते. खुद्द अस्लमलाही अकराव्या हंगामात दुखापतीने मध्येच बाहेर बसावे लागले. त्या हंगामाचा अंतिम सामना डिसेंबर २०२४ मध्ये पुण्यातच झाला, पण पलटण त्यात नव्हती. हरियाणाने पाटण्याला ३२-२३ असे हरवून करंडक नेला. बाराव्या हंगामात अस्लम पुन्हा कप्तान म्हणून उभा राहिला, आणि ३१ ऑक्टोबर २०२५ रोजी दिल्लीत पलटण पुन्हा अंतिम फेरीत होती. तो सामना दबंग दिल्लीने ३१-२८ असा जिंकला. फरक पुन्हा तीनच गुणांचा, या वेळी उलट्या बाजूने.

मॅटवर खेळायची सवय लागावी म्हणून शाळेने लाखांचा खर्च करावा, असे मी म्हणणार नाही. मात्र दोन गोष्टी बिनखर्चाच्या आहेत. मैदान आखताना मापे खरी घ्या. पावणेचार मीटरची निदानरेषा चार पावलांवर अंदाजाने मारली की मुलाला पुढे प्रत्येक चढाईत ती चूक नडते. आणि दुखावलेल्या गुडघ्यावर हळद-लेप लावून दुसऱ्या दिवशी मुलाला मैदानात उतरवू नका. आधी डॉक्टरला दाखवा. आठवीत-नववीत ज्याचा गुडघा गेला, त्याला लिलावही नाही आणि पोलीस भरतीही नाही.