कासव घ्यायचंय? आधी हे वाचा

परीक्षा संपल्या की मुलांचा हट्ट सुरू होतो, "आई, काहीतरी पाळू या ना!" कुत्रा नको, कारण घर भाड्याचं. मांजर नको, कारण आजींना दम्याचा त्रास. मग सगळ्यांची नजर जाते ती माशांच्या दुकानातल्या काचेच्या पेटीकडे. रुपयाच्या नाण्यापेक्षा जरासंच मोठं, हिरवंगार कासव त्यात पोहत असतं. त्याचा आवाज नाही, केस गळणं नाही, फिरवायला न्यायची कटकट नाही. शिवाय घरात कासव असलं की लक्ष्मी नांदते, असं कुणीतरी सांगितलेलं असतंच. बचत गटाचा हिशेब आटोपून गप्पा सुरू झाल्या की हल्ली मला हमखास विचारतात, "ताई, कासव घ्यायचं तर कुठलं घ्यावं?"

मैत्रिणींनो, कुठलं घ्यावं याआधी कुठलं घ्यायचं नाही, ते पाहू.

आपल्या विहिरीत, तळ्यात, नदीत आणि शेताच्या बांधावर दिसणारी कासवं पाळायची नाहीत. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ सालचा आहे. २०२२ मध्ये त्यात दुरुस्ती झाली आणि १ एप्रिल २०२३ पासून ती लागू झाली. पाठीवर पिवळ्या चांदण्यांची नक्षी असलेलं आपलं तारा कासव तर चोरट्या व्यापारामुळे फार बदनाम झालंय. २०१९ पासून त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरही बंदी आहे. कुणी "शुभ असतं, घेऊन टाका" म्हणून गुपचूप देऊ केलं, तरी घेऊ नका. पकडले गेलो तर तुरुंगवास होऊ शकतो. पावसाळ्यात अंगणात एखादं कासव आलंच, तर ते बादलीत ठेवून मुलांना खेळायला देऊ नका. वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा.

दुसरा प्रकार जमिनीवर राहणाऱ्या परदेशी कासवांचा. आपल्या भाषेत सगळ्यांना कासवच म्हणतात, त्यामुळे घोटाळा होतो. पाय बघा, म्हणजे फरक कळेल. पाण्यातल्या कासवाच्या बोटांमध्ये पडदा असतो. जमिनीवरच्याचे पाय हत्तीसारखे खांबाच्या आकाराचे. त्याला पोहता येत नाही, खोल पाण्यात टाकलं तर ते बुडून मरतं. आफ्रिकेतलं सुलकाटा कासव लहानपणी तळहातावर मावतं, पण मोठेपणी चाळीस-पन्नास किलोंचं होतं! अशी परदेशी कासवं बाळगायची तर २०२४ च्या नियमांनुसार सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी करावी लागते. आपल्या दोन-तीन खोल्यांच्या घरासाठी हा प्रकार नव्हेच.

राहता राहिलं दुकानातलं ते हिरवं कासव. डोळ्यांच्या मागे लाल पट्टा असतो, म्हणून त्याला रेड इअर्ड स्लायडर म्हणतात. ते मूळचं अमेरिकेतल्या मिसिसिपी नदीच्या खोऱ्यातलं. दुकानदार छोटी पेटी आणि सुक्या कोळंबीची डबी हातात देतो आणि म्हणतो, "एवढंच लागतं." खरं म्हणजे एवढ्यावर भागत नाही. मादी वाढून जेवणाच्या ताटाएवढी होते. नीट सांभाळलं तर हे कासव वीस-तीस वर्षं जगतं. म्हणजे आज पाचवीत असलेल्या मुलीचं लग्न होईल, तरी कासव तुमच्याकडेच!

त्याला काय काय लागतं? पूर्ण वाढलेल्या कासवाला साधारण चारशे लिटर पाणी हवं. आपण पाणी साठवतो ते २०० लिटरचे दोन ड्रम डोळ्यांसमोर आणा. ते पाण्यातच खातं आणि पाण्यातच घाण करतं, म्हणून चांगला फिल्टर हवा, पाणीही वरचेवर बदलायला हवं. ज्या गावात चार दिवसांनी नळ येतो, तिथल्या बाईने याचा आधी विचार करावा. बाहेर येऊन अंग शेकायला कोरडी जागा आणि थेट ऊन लागतं. खिडकीच्या काचेतून आलेलं ऊन उपयोगाचं नाही. तसं ऊन आणि कॅल्शियम मिळालं नाही तर कवच मऊ पडतं. कवच म्हणजे काही वरून घातलेला अंगरखा नव्हे. पाठीचा कणा आणि बरगड्या त्यालाच जोडलेल्या असतात. खाण्यात कासवांचे तयार दाणे, हिरवा पाला, गाजराचा कीस द्यावा. नुसत्या सुक्या कोळंबीवर किंवा पोळी-भातावर ठेवू नये.

आरोग्याचंही बघायला हवं. कासवाच्या अंगावर साल्मोनेला नावाचे जंतू असू शकतात. त्यांनी जुलाब आणि ताप येतो. याच कारणाने अमेरिकेत १९७५ पासून चार इंचांपेक्षा लहान कासवं विकायला बंदी आहे. घरात पाच वर्षांखालचं मूल, गरोदर बाई किंवा आजारी म्हातारं माणूस असेल तर कासव आणूच नये. इतरांनी हात लावल्यावर साबणाने हात धुवावेत. त्याची पेटी स्वयंपाकघरातल्या मोरीत धुवू नये.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. कंटाळा आला म्हणून ते देवळाच्या तळ्यात किंवा नदीत सोडायचं नाही. आपल्याला वाटतं, जीव मोकळा केला, पुण्य लागलं. पण हे कासव खादाड आणि चिवट. आपल्या कासवांचं खाणं आणि उन्हाची जागा ते बळकावतं. केरळात आणि ईशान्य भारतात ते तळ्यांमध्ये सापडलंय. जगातल्या शंभर सर्वांत उपद्रवी परक्या जीवांच्या यादीत त्याचं नाव आहे.

तेव्हा घेण्याआधी स्वतःला विचारा: वीस वर्षं सांभाळेन का? पाणी आणि ऊन आहे का? कासवावर उपचार करणारा डॉक्टर जवळपास आहे का? सुट्टीत गावी गेलो तर कोण बघेल? एकाचंही उत्तर "नाही" आलं, तर घेऊ नका. ज्यांच्याकडे आधीच आहे, त्यांनी मात्र ते नीट सांभाळावं. लक्ष्मीसाठी हवं असेल तर पितळेचं कासव पुरेसं आहे.

आणि मुलांना कासव दाखवायचंच असेल, तर रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासला न्या. तिथे २००२ पासून सागरी कासवांची अंडी जपली जातात. उन्हाळ्याच्या तोंडाला अंड्यातून निघालेली पिल्लं समुद्राकडे धावताना दिसतात. गावातल्या बायका आपल्या घरी पाहुण्यांच्या राहण्या-जेवणाची सोय करतात. मुलांना कासवही दिसेल आणि चार बायकांच्या हाताला कामही मिळेल.