केना, तूर आणि घरचं बियाणं

केना कितीही निंदला तरी पंधरा दिवसांत पुन्हा हजर होतो, हे आपल्या प्रत्येकीला ठाऊक आहे. पुढच्या वेळी तो ओढून तोडू नका, माती हलवून मुळासकट काढा. वर निळं फूल असतं. खाली पांढऱ्या दोऱ्यासारख्या फांद्यांना बारीक कळ्या लागलेल्या दिसतील. तीही फुलंच, पण ती कधी उमलत नाहीत. बंद कळीतच स्वतःचा पराग स्वतःला मिळतो आणि मातीतच बी धरतं. याला स्वपरागण म्हणतात.

ही सवय लागते कशी? जिथे माशा कमी किंवा झाड एकटंच उगवलेलं, तिथे दुसऱ्याच्या परागाची वाट बघणाऱ्या झाडाला बी धरत नाही. एखाद्याला स्वतःचा पराग चालतो, त्याचं बी पडतं. पुढच्या साली तशीच झाडं वाढतात. असं पिढ्यान्‌पिढ्या चाललं की माशीसाठी मोठी पाकळी, वास, मध यांची गरज उरत नाही आणि फूल लहान होत जातं.

पण घरातल्या घरात सोयरीक केल्यासारखंच हे. डार्विन या इंग्रज शास्त्रज्ञाने अकरा वर्षं दोन्ही प्रकारांनी रोपं वाढवून पाहिली आणि १८७६ साली पुस्तक लिहिलं. स्वपरागणाची रोपं बहुतेक वेळा खुजी निघाली. शिवाय सगळी झाडं सारखी असली, की एका रोगात सगळीच सापडतात. केना हुशार: वर उघडं फूल, खाली बंद.

आता आपल्या बियाण्याचं. गहू, हरभरा, मूग, भात बहुतेक स्वपरागणाचे, म्हणून घरचं बी जातीला धरून राहतं. (संकरित बियाण्याचं मात्र तसं नाही, ते ठेवू नये.) मक्याचा पराग वाऱ्याने शेजारच्या शेतात जातो. तूर मधली. तिचा पराग कळीतच पडतो, तरी मधमाशी फूल दाबून उघडते आणि शेजारच्या वाणाचा पराग आणून टाकते. भेसळ झालेला दाणा त्या वर्षी तसाच दिसतो, फरक पुढच्या पेरणीत कळतो. नवापूरच्या तूरडाळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. ती चव टिकवायची तर बी आपणच राखायला हवं.

बांधाकडच्या ओळी सोडून शेताच्या मधल्या चांगल्या झाडांना कापणीआधीच रंगीत चिंधी बांधा. आणखी खात्री हवी असेल, तर फुलं उमलण्याआधी काही फांद्यांवर जुन्या पातळ साडीची पिशवी चढवा. आधी उमललेली फुलं आणि धरलेल्या शेंगा खुडून टाका. आत माशी शिरत नाही, शेंगा तरीही धरतात. फुलोरा संपला की पिशवी काढा, खुणेचा दोरा राहू द्या. बी मात्र एकाच झाडाचं नको, पंचवीस-तीस झाडांचं एकत्र करा आणि गटातल्या दोन-तीन घरी वेगवेगळ्या मडक्यांत ठेवा.