घरच्या पत्रिकेचा जमाखर्च

लग्नसराई तोंडावर आली की गावोगावच्या छापखान्यांत पूर्वी जी झुंबड उडत असे ती आता बरीच ओसरली आहे. बारशाचे, मुंजीचे, साठीशांतीचे निमंत्रण घरातील एखादा महाविद्यालयीन मुलगा वा मुलगी संगणकावर, पुष्कळदा हातातील फोनवरच, संध्याकाळच्या दोन-तीन तासांत तयार करते. कॅनव्हा, ॲडोबी एक्स्प्रेस यांसारख्या ऑनलाइन साधनांत तयार नमुन्यांना तोटा नाही. त्यांतील एक निवडावा, नावे व तिथी बदलावीत, कोपऱ्यात गणपती वा तोरण बसवावे आणि चित्र नातेवाइकांना धाडून द्यावे. कागदावर हवे असेल तर नाक्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानात जाड कागदावर छापून घ्यावे. हळदीकुंकवाच्या वाणाला, तिळगुळाच्या पुडीला, वाढदिवसाच्या भेटीला अडकवावयाच्या नावाच्या चिठ्ठ्याही याच रीतीने घरी होऊ लागल्या आहेत. ‘एक पैसाही लागला नाही’ हे वाक्य त्यानंतर मोठ्या अभिमानाने उच्चारले जाते.

अर्थशास्त्र शिकविणाऱ्याने या वाक्यापाशी थोडे थांबले पाहिजे. जे पूर्वी पैसे मोजून मिळत होते ते आता पैशावाचून मिळत असेल, तर तो खर्च एक तर खरोखरच नाहीसा झाला असला पाहिजे किंवा दुसऱ्या कोणाच्या तरी खाती पडला असला पाहिजे. माझ्या मते दोन्ही गोष्टी घडल्या आहेत. पहिली सर्वजण सांगतात; दुसरी सहसा कोणी सांगत नाही.

छापखान्याच्या बिलात ‘पत्रिका छपाई’ एवढी एकच ओळ असे. त्या एका ओळीत किती निरनिराळी कामे दडलेली होती हे पाहण्यासारखे आहे. खिळ्यांच्या काळात जुळारी उभ्याने मजकूर जुळवीत असे. देवनागरीतील काने, मात्रा, वेलांट्या आणि जोडाक्षरे यांमुळे त्याला शेकडो निरनिराळे खिळे हाताळावे लागत आणि कोणता खिळा कोणत्या घरात आहे हे त्याच्या बोटांना पाठ असे. मग ट्रेडल यंत्रावर प्रूफ निघे, ते वधुपित्याच्या हाती जाई, तो ते घरी नेई, आणि आत्याच्या नावापुढील उपाधी राहिल्याची तक्रार घेऊन परत येई. पुढे मुंबईत गिरगावच्या खाडिलकर रस्त्यावर किंवा जिल्ह्याच्या गावातील एखाद्या दुकानात तयार पत्रिकांचे जाड अल्बम आले आणि शिवकाशीसारख्या ठिकाणची रंगीत कार्डे मागवून त्यांवर स्क्रीन प्रिंटिंगने मजकूर उमटविण्याची पद्धत रूढ झाली. तंत्र बदलले, तरी गल्ल्यामागे बसलेल्या माणसाचे एक काम बदलले नव्हते. तो मजकूर वाचत असे.

हे वाचणे वरवरचे नव्हते. ‘चि.’ कोठे आणि ‘चि. सौ. कां.’ कोठे, दिवंगत आजोबांचे नाव निमंत्रकांत न घालता कोणत्या ओळीत घालावे, मामांचे नाव गाळल्यास काय प्रसंग ओढवेल, हे त्याला ठाऊक असे. मागील भिंतीवर दिनदर्शिका टांगलेली असे. मार्गशीर्ष शुद्ध पंचमी, इंग्रजी तारीख आणि वार या तिन्ही गोष्टी एकमेकींशी जुळत नसतील तर तो कागद परत करी. मुद्रण आणि पंचांग यांचे नाते आपल्याकडे तसे जुनेच आहे. मुंबईत गणपत कृष्णाजींनी शिळाछापावर पंचांग छापले ते १८३१ साली. मुद्दा असा की मुद्रितशोधन, शिष्टाचाराचा सल्ला आणि तिथीची पडताळणी या तिन्ही सेवांची किंमत कागद-शाईच्या दरात मिसळलेली होती. बिलात त्यांचा वेगळा आकडा नव्हता आणि म्हणूनच त्या आपण विकत घेत आहोत हे गिऱ्हाइकाला कधी कळलेच नाही.

घरी छपाई करण्याची कल्पना वाटते तितकी नवी नाही. अमेरिकेत १९८४ साली ‘द प्रिंट शॉप’ नावाचा कार्यक्रम घरगुती संगणकांसाठी निघाला. त्यावर शुभेच्छापत्रे आणि फलक करता येत. १९८५ साली पेजमेकर आला, १९८९ साली कोरलड्रॉ. ही शेवटची दोन साधने आपल्याकडे आली ती मात्र घरात न येता छापखान्यात आली. जुळाऱ्याच्या जागी डीटीपी करणारा मुलगा बसला एवढाच फरक झाला. २०१३ साली ऑस्ट्रेलियात सुरू झालेल्या कॅनव्हासारख्या सेवेने हे काम ब्राउझरमध्ये आणि नंतर फोनमध्ये आणले, तेव्हा गिऱ्हाईक आणि यंत्र यांच्यामधला माणूसच उरला नाही.

आता नाहीसा झालेला खर्च कोणता ते पाहू. खिळे जुळविणे, स्क्रीन तयार करणे, यंत्र लावणे हा खर्च एक प्रत काढा की पाचशे काढा, सारखाच येतो. त्यामुळे छापखानेवाला शंभराच्या खाली काम घेण्यास नाखूष असे आणि त्याचे ते म्हणणे रास्तच होते. परिणामी ज्याला तीस माणसे बोलवावयाची आहेत त्याच्यासाठी छापील पत्रिका ही वस्तूच बाजारात नव्हती. निवृत्त होणाऱ्या शिपायाचा छोटासा निरोपसमारंभ, वाचनालयातील व्याख्यान, नोंदणी पद्धतीने विवाह करणारे दांपत्य, मुलीच्या बारशाला फक्त जवळची वीस घरे बोलावू इच्छिणारी विधवा आई, यांना आता ती मिळू लागली. ज्यांच्या समारंभाला जुन्या अल्बममध्ये साचाच नव्हता त्यांनाही स्वतःचा मजकूर लिहिण्याची मोकळीक मिळाली. वधूचे नाव वरच्या आधी घालावयाचे असेल तर आता कोणाच्या कपाळाला आठ्या पडत नाहीत. हा लाभ निखळ आहे आणि त्याला नावे ठेवण्याचे कारण नाही.

भेटीवरच्या चिठ्ठ्यांचे तर विचारूच नका. ए-४ कागद २१० बाय २९७ मिलिमीटरचा. त्याच्यावर ए-६ आकाराची चार निमंत्रणे बरोबर बसतात, आणि ९० बाय ५० मिलिमीटरच्या चिठ्ठ्या ठेवल्या तर दोन उभ्या रांगांत दहा. कडेला तीनएक मिलिमीटर रंग जास्तीचा सोडला की कापताना पांढरी रेघ राहत नाही. चित्र व्हॉट्सॲपवरून चित्र म्हणूनच दुकानदाराला पाठविले तर ते आक्रसते आणि छापल्यावर अक्षरे पुसट दिसतात. पीडीएफ करून दस्तऐवज म्हणून पाठविले तर तसे होत नाही. पडद्यावर झगझगणारा शेंदरी रंग कागदावर मंद उतरतो, कारण पडदा प्रकाशाचे तीन रंग मिसळतो आणि छपाई शाईचे चार. हे एवढे ध्यानी धरले तर संक्रांतीच्या चाळीस वाणांच्या चिठ्ठ्या चार कागदांत होतात. शाळेतील मुलांकडून करून घेण्यासही हे काम उत्तम आहे.

आणखी एक परिणाम मला मनोरंजक वाटतो. थॉर्स्टन व्हेब्लेन याने १८९९ सालच्या आपल्या ग्रंथात प्रदर्शनासाठी केल्या जाणाऱ्या खर्चाची मीमांसा केली. आपली लग्नपत्रिका हे त्याचे घरगुती उदाहरण होते. सोनेरी कड, मखमली पाकीट, आतून निघणारी तीन-तीन पाने हे सर्व ऐपतीचे निवेदन होते आणि त्याचा भार बहुधा वधुपित्यावर पडे. आता सोनेरी कड सर्वांना एकाच मोलाने, म्हणजे बिनमोलाने, उपलब्ध आहे. जे सर्वांना फुकट मिळते त्याने कोणाचीच ऐपत सिद्ध होत नाही. साधे कार्ड पाठविणाऱ्याला आता पूर्वीइतके ओशाळावे लागत नाही. श्रीमंतांनी पत्रिकेबरोबर सुकामेव्याचे डबे पाठविण्यास आरंभ केला आहे तो याच कारणाने, असा माझा तर्क आहे.

दुसऱ्या खाती गेलेला खर्च मात्र याहून गंभीर आहे. ए. सी. पिगू यांनी १९२० साली कल्याणाच्या अर्थशास्त्रावर लिहिताना एक गमतीदार विसंगती दाखविली होती. एखाद्याने आपल्या पगारी घरकामवालीशी विवाह केला की राष्ट्रीय उत्पन्न घटते. काम तेच राहते, पगार तेवढा थांबतो. घरच्या पत्रिकेचे नेमके हेच आहे. काम थांबलेले नाही. त्याचा मोबदला थांबला आहे. गॅरी बेकर यांनी १९६५ साली घरातील वेळेलाही किंमत असते हे मांडले आणि ॲल्विन टॉफलर यांनी १९८० साली, उपभोक्ताच पुन्हा उत्पादक होईल, असे भाकीत केले. उपभोक्ता उत्पादक झाला खरा, पण घरातील कोणता उपभोक्ता?

वर्गात मी हे उदाहरण घालतो. समजा, दोनशे पत्रिका प्रत्येकी पंधरा रुपयांना पडत होत्या, म्हणजे तीन हजार रुपये. घरी त्या चित्ररूपाने झाल्या आणि शून्य रुपये लागले. पण नमुना निवडण्यास एक संध्याकाळ, मजकुरास दुसरी, काकांच्या सूचनांस तिसरी, मुहूर्ताची वेळ बदलल्याने चौथी, आणि शेवटी प्रत्येक घराच्या नावाने वेगळी प्रत करण्यास रविवार, असे वीस तास गेले. हे तास कोणाचे? वर्गातील मुले हसतात आणि मुलींकडे पाहतात. घरातील ‘कॉम्प्युटर येणारी’ व्यक्ती, पुष्कळदा जिचे लग्न आहे तीच किंवा तिची परीक्षेला बसलेली धाकटी बहीण, हे काम करते. दहावी-बारावीच्या परीक्षा आणि फाल्गुनातील मुहूर्त शेजारी-शेजारीच येतात हेही विसरता येत नाही. ‘सर, तो वेळ आमचा असाच गेला असता’ असे एखादा विद्यार्थी म्हणतो. ते खरे असेल तर खर्च थोडा. पण खरे आहे काय, हे त्या बहिणीला कोणी विचारीत नाही.

आणि मजकूर वाचणाऱ्याची जागा रिकामीच राहिली आहे. ती कोठे जाणवते, तर भाषेत. या साधनांतील नमुने बहुतांशी इंग्रजी वळणाचे असतात. त्यांत लॅटिन लिपीचे वेलबुट्टीदार फाँट विपुल आणि देवनागरीचे त्या मानाने मोजके. जे असतात त्यांत ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचे येतात. राज्य शासनाने २००९ साली वर्णमालेविषयी निर्णय काढून या दोन अक्षरांचे मराठी वळण ठरवून दिले. पाठ्यपुस्तकातून मुलगा ते गिरवितो आणि ताईच्या पत्रिकेवर दुसरेच पाहतो. काही चांगल्या फाँटांत मराठी वळणही अंतर्भूत असते. परंतु मजकुराची भाषा मराठी आहे, असे साधनाला सांगण्याची सोय असेल तरच ते प्रकट होते. युनिकोडच्या १९९१ सालच्या पहिल्याच आवृत्तीत देवनागरी आली आणि अडचणी पुष्कळ कमी झाल्या हे मान्य. ‘एक टाइप’ या संस्थेच्या मुक्ता आणि बलू या फाँटांसारखी विनामूल्य अक्षरे आज कोणालाही वापरता येतात. पण श्रीलिपीत टंकलेला जुना मजकूर तसाच चिकटविला तर अक्षरांचा कचरा होतो, आणि ‘ऱ्य’ उमटविणे न जमल्याने ‘आचाऱ्यांना’ हा शब्द ‘आचार्यांना’ असा छापला जातो. लग्नघरी हा फरक पंक्तीपर्यंत पोचतो.

छापखान्याच्या धंद्याविषयी केवळ हळहळ व्यक्त करणे हा माझा हेतू नाही. जुळाऱ्याचे काम डीटीपीने घेतले तेव्हाही लोकांनी स्वस्ताईचेच स्वागत केले आणि ते स्वाभाविक होते. तथापि लग्नसराईच्या चार महिन्यांच्या मिळकतीवर गावातील छापखाना चातुर्मास काढीत असे. शाळेच्या प्रश्नपत्रिका, पतसंस्थेची पावतीपुस्तके, सार्वजनिक मंडळाची हँडबिले ही किरकोळ कामे त्यामुळेच त्याला परवडत. पत्रिका गेल्या तर ही कामेही तालुक्याला किंवा शहराला जातात. शाळेचे मुख्याध्यापक हे माझ्याहून चांगले सांगू शकतील.

मग करावे काय? चिठ्ठ्या, बारसे, वाढदिवस, वाचनालयाचा कार्यक्रम ही कामे घरी खुशाल करावीत. लग्नाच्या पत्रिकेचे चित्र घरी करावे, पण मजकूर जाणत्या माणसाकडून तपासून घ्यावा आणि त्याचे पैसे द्यावेत. छापखानेवाल्यांनीही आपल्या धंद्याकडे जरा नव्याने पाहिले पाहिजे. गिऱ्हाईक पीडीएफ घेऊन येते, दुकानदार सवयीने तो वाचतो, वार चुकल्याचे दाखवितो, ‘चि. सौ. कां.’ मधील सुटलेला अनुस्वार घालून देतो आणि पैसे घेतो ते मात्र कागदामागे दहा-वीस रुपये. जी वस्तू त्याच्याकडेच आहे आणि कोणत्याही ऑनलाइन साधनात नाही, ती तो फुकट देतो. जी कोठेही मिळते तिचाच दर फलकावर लिहितो. झेरॉक्स, लॅमिनेशन, स्पायरल बाइंडिंग यांचे दर त्या फलकावर असतात. ‘मजकूर तपासणी व तिथी-वार पडताळणी’ अशी ओळ मला अद्याप एकाही फलकावर दिसलेली नाही.